हावडा ब्रिजचे फोटो: कुठून, कधी, आणि नवीन काही उरलंय का?

शटरउघड

मंडळी, जानेवारीत कामानिमित्त कलकत्त्याला जाणं होतंय. काम शुक्रवारी संपेल. परतीचं तिकीट मुद्दाम रविवारी रात्रीचं काढलंय. मधल्या वेळात एकच उद्योग करायचा आहे, हावडा ब्रिजचे फोटो. व्हिक्टोरिया, दक्षिणेश्वर वगैरे पुढच्या खेपेला.

अडचण अशी की नेटवर शोधलं की तेच तीन फोटो पुन्हा पुन्हा समोर येतात. घाटावर आंघोळ करणारे लोक आणि मागे धुक्यात पूल. पिवळी टॅक्सी आणि डोक्यावर लोखंडाची जाळी. रात्रीची जांभळी-निळी रोषणाई आणि पाण्यात तिचं प्रतिबिंब. फोटो देखणे असतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण चौथा काही आहे की नाही?

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला बरं. या पुलाचा आख्खा फोटो काढण्यात आता काही राम राहिलेला नाही. पुलावरची माणसं काढावीत, पूल कोपऱ्यात आला तर आला.

दुसरं म्हणजे, तिथे फोटो काढायला बंदी आहे असं ऐकतो. खरं काय? ट्रायपॉड नेऊ का?

वऱ्हाडी_ठेचा

बावा, तू बरोब्बर माणसांच्या धाग्यावर आला. नागपूरवाल्यांसाठी हावडा हे गाव नाही, दिशा आहे. स्टेशनवर 'हावडा साइडचा पूल', 'हावडा एंडचा डबा' असंच बोलतात. लहानपणापासून हावडा मेल, गीतांजली जाताना पाहिली, पण पूल पाहायला वयाची चाळिशी उजाडली. स्टेशनच्या बाहेर आलो अन् समोर हे धूड! फोटो काढायचं सुचलंच नाही, मागून हमाल ओरडला तेव्हा हाललो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. वाखु (वाचनखूण) साठवून ठेवतो.

सॉल्टलेकची_सून

शटरउघड, मी लग्न करून इथे आले त्याला बराच काळ लोटला, त्यामुळे थोडं अधिकारवाणीने लिहिते.

आधी बंदीचं. पुलावर फोटोग्राफीला मनाई आहे, तसे फलक लावलेले असतात. पूल बंदर प्राधिकरणाच्या ताब्यात आहे आणि सिनेमा-जाहिरातीच्या चित्रीकरणाला त्यांची रीतसर परवानगी लागते. व्यवहारात काय होतं? रोज हजारो लोक चालता चालता मोबाइल काढतात, त्यांना सहसा कोणी हटकत नाही. गळ्यात मोठा कॅमेरा असला की शिटी वाजू शकते. ट्रायपॉड उघडलात की वाजणारच. ड्रोनचा तर विचारही करू नका. ही मनाई पुलावर आहे. घाटांवरून आणि लाँचमधून लोक बिनधास्त काढतात.

आता जागा. सगळे जातात तो मल्लिक घाट, पुलाच्या कलकत्त्याकडच्या टोकाला, दक्षिणेच्या अंगाला. फुलांचा घाऊक बाजार तिथेच भरतो. घाटाच्या आणि रस्त्याच्या मध्ये चक्र रेल्वेचे रूळ आहेत, ते ओलांडून जावं लागतं. गाडी क्वचितच येते, म्हणून लोक रुळांवर निवांत फुलं मांडून बसतात. तुम्ही मात्र बघून ओलांडा. पहाटे चारपासून गलबला सुरू होतो. झेंडूचे जाडजूड हार दोरखंडासारखे खांद्यावर टाकून माणसं पळत असतात. माल येतो कोलाघाट, पांशकुडा, राणाघाट या बाजूंनी. निशिगंधाला इथे रजनीगंधाच म्हणतात आणि लग्नसराईत तिचा भाव ऐकून पुण्याच्या मंडईतली माणसंसुद्धा गप्प बसतील.

आणि तुमच्या 'माणसंच काढा' या मताबद्दल. माझा नवरा या पुलावरून शाळेत गेला, कॉलेजात गेला, नोकरीला गेला. त्याच्याकडे पुलाचा एकही फोटो नाही. मी विचारलं तर म्हणाला, "घरच्या जिन्याचा फोटो काढतं का कोणी?" त्यामुळे 'पूल की माणसं' ही चर्चा आपण बाहेरची माणसंच करतो असं मला वाटतं.

दादरकर

मस्त प्रतिसाद, सून. मल्लिक घाट वाचून दादरचा फुलबाजार आठवला. तिथेही पहाटे कोणी कोणाचं ऐकत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर एक माहिती आली होती ती जाणकारांनी तपासावी: हावडा ब्रिजला एकही नट-बोल्ट नाही, नदीत एकही खांब नाही आणि दुपारच्या उन्हात पूल चार फूट लांब होतो म्हणे. तिन्ही खरं?

गंजलेला_अभियंता

पहिल्या दोन गोष्टी खऱ्या, तिसरी थाप.

एकेक घेऊ. नट-बोल्ट नाहीत कारण सगळे जोड रिव्हेटचे आहेत. लालबुंद तापवलेली रिव्हेट भोकात घालायची आणि दुसऱ्या बाजूने ठोकून तिचं डोकं बसवायचं. थंड होताना ती आकसते आणि पत्रे आवळून धरते. त्या काळातल्या सगळ्या मोठ्या लोखंडी पुलांची हीच पद्धत, त्यात चमत्कार काही नाही. पण जवळून फोटो काढायचा असेल तर रिव्हेटच्या त्या रांगा तिरप्या उन्हात काढा. अशी पोत दुसऱ्या कशाला येत नाही.

नदीत खांब नाहीत हेही खरं. दोन मुख्य मनोऱ्यांमध्ये १५०० फूट अंतर आहे, म्हणजे ४५७ मीटर. प्रत्येक मनोऱ्यापासून ४६८ फुटांचा एकेक हात नदीवर पुढे आलेला आहे आणि त्या दोन हातांच्या मध्ये ५६४ फुटांचा तुकडा टांगलेला आहे. बेरीज करून बघा. मागच्या बाजूला ३२५ फुटांचे दोन हात जमिनीत जखडलेले. रस्ता या सांगाड्यावर ठेवलेला नाही, लोंबकळणाऱ्या खांबांच्या ३९ जोड्यांवर खालून अडकवलेला आहे. हे नीट दिसायला हवं असेल तर पुलावर उभं राहून उपयोग नाही, नदीतूनच बघावं लागतं.

हा एवढा खटाटोप कशासाठी? आधी तिथे १८७४ साली बांधलेला तरंगता पूल होता, सर ब्रॅडफर्ड लेस्लींचा. जहाज आलं की त्याचा मधला भाग बाजूला सारायचा आणि तोवर बैलगाड्या, पालख्या, माणसं सगळी खोळंबलेली. शिवाय पात्रात खांब घातले तर गाळ साचणार, प्रवाह बदलणार, आणि कलकत्त्याचं बंदर तर नदीवरच जगणारं. म्हणून असा पूल. काम १९३६ च्या सुमारास सुरू झालं. सुमारे २६,५०० टन पोलाद लागलं, त्यातलं २३,००० टन टाटांचं. युद्धामुळे विलायतेतून पोलाद येणं अवघड झालं होतं आणि जमशेदपूर हाताशी होतं. बांधला तेव्हा या प्रकारच्या (कॅन्टिलिव्हर) पुलांत लांबीने जगात तिसरा.

आता चार फूट. पोलाद दर अंश सेल्सियसला लांबीच्या सुमारे ०.००००१२ पट वाढतं. ४५७ मीटर लांबी आणि पहाट ते दुपार २५ अंशांचा फरक धरला, तर वाढ १३-१४ सेंटीमीटर येते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची ७०५ मीटर लांबी धरली तरी वीतभरच. चार फूट वाढायला पूल भट्टीत घालावा लागेल.

चहाबाज

गंजलेल्या काकांनी नेहमीप्रमाणे धागा कातला. आता 'रात्री बाराच्या ठोक्याला पूल बंद ठेवतात, नाहीतर पडतो' याचाही निकाल लावून टाका, आमच्या ऑफिसात एक जण शपथेवर सांगतो.

गंजलेला_अभियंता

त्याला रात्री बारा वाजता पुलावर नेऊन सोडा.

पर्वतीचा_पक्षी

आमच्याकडे लकडी पुलावर दुचाकीवाल्यांचे फोटो फक्त वाहतूक पोलीस काढतात. बाकी कोणाला त्या पुलाचा फोटो काढावासा वाटल्याचं ऐकिवात नाही. तरी पानिपतानंतर पेशव्यांनी बांधलेला पूल तो, १७६१ चा, आणि १९६१ च्या पानशेत पुरातून पुन्हा उभा राहिलेला. पुण्याला आपल्या पुलाचं कौतुक नाही आणि कलकत्त्याला आहे, असं का?

सॉल्टलेकची_सून

पर्वतीचा पक्षी, कलकत्त्याला नदीपलीकडून येणारा माणूस पुलावरूनच आत यायचा, हे कारण असावं. बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातून पोटासाठी आलेले लाखो लोक हावडा स्टेशनवर उतरायचे आणि चालत पूल ओलांडायचे. त्यांचं कलकत्ता पुलाच्या या टोकाला सुरू व्हायचं. पुण्यात लकडी पूल डेक्कनवरून लक्ष्मी रोडला नेतो. मजा आहे, पण आयुष्य बदलत नाही.

हिंदी-बंगाली सिनेमांनीही हेच केलं. गावाकडचा नायक शहरात आला हे दाखवायला एकच दृश्य पुरायचं. पूल दिसला की प्रेक्षकाला वेगळं सांगावं लागत नसे.

अर्थात आता नदीच्या तळाखालून मेट्रो आलीय, मार्च २०२४ पासून. हावड्याहून एस्प्लनेड काही मिनिटांत. माझा भाचा परवा पहिल्यांदा आला तो थेट मेट्रोत बसूनच. पूल त्याने दुसऱ्या दिवशी 'बघायला' म्हणून पाहिला. हा फरक मला जरा लागला.

मृण्मयी_क

माझा सूर थोडा वेगळा आहे, राग मानू नये.

घाटावर आंघोळ करणाऱ्यांचे फोटो काढणं बंद करायला हवं. मल्लिक घाटावर मी स्वतः पाहिलंय. थंडीत कुडकुडत एक बाई ओल्या साडीने पायऱ्या चढतेय आणि समोर पाच-सहा जण लांब लेन्स लावून बसलेत. एक 'गुरुजी' शिष्यांना सांगत होते, "बॅकग्राउंडला ब्रिज ठेवा." तिला कोणी विचारलं? आपल्या आईचा असा फोटो कोणी काढून स्पर्धेला पाठवला तर चालेल का? पूल कोपऱ्यात आणि माणसं पुढे, हे शटरउघड यांचं मत ऐकायला छान आहे, पण प्रत्यक्षात त्याचा अर्थ अनेकदा हाच होतो.

लेन्सकर

मृण्मयी, भावना समजतात, पण सार्वजनिक जागेत काढलेले फोटो बंद करायचे म्हटलं तर रस्त्यावरची फोटोग्राफीच बंद होईल. दुसऱ्या महायुद्धात इथे आलेल्या क्लाइड वॅडेल या अमेरिकन लष्करी छायाचित्रकाराने कलकत्त्याचे रस्ते, घाट, फुटपाथ टिपले म्हणून १९४५ च्या आसपासचं शहर आज आपल्याला दिसतं. त्याने प्रत्येकाची परवानगी घेतली असती तर मागे काय राहिलं असतं?

मृण्मयी_क

कदाचित थोडे कमी आणि थोडे बरे फोटो राहिले असते. आणि वॅडेल लष्कराबरोबर आला होता, त्याला 'नको' म्हणण्याची हिंमत कोणाची होती? हा मुद्दा सोयीने विसरू नका.

चहाबाज

*पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.*

सॉल्टलेकची_सून

दोघांचंही थोडं थोडं पटतं, पण कौल मृण्मयीला. घाटाच्या खालच्या पायऱ्या सकाळी बायकांच्या असतात, तिकडे लेन्स वळवू नये. इथले जुने फोटोग्राफर वळवतही नाहीत. हा सोस बहुतेक बाहेरून दोन दिवसांसाठी आलेल्यांचाच.

माणसंच हवी असतील तर फुलवाल्यांकडे जा. आधी एक हार घ्या, दोन शब्द बोला, मग कॅमेरा काढा. हिंदी चालतं, निम्मे लोक बिहारचेच. घाटाजवळ एक आखाडाही आहे, सकाळी पहिलवान जोर-बैठका मारतात, मुद्गल फिरवतात. मागे पुलाचा सांगाडा. त्यांना फोटोचं वावडं नाही, उलट दंड फुगवून उभे राहतात आणि नंतर फोटो पाठवा म्हणून नंबर देतात. पाठवला नाहीत तर मात्र पुढच्या वेळी माझी ओळख सांगू नका.

वऱ्हाडी_ठेचा

आखाड्यावरून आठवलं. (अवांतर आहे, संपादकांनी माफ करावं.) कलकत्त्याचे लोक मराठी माणूस म्हटलं की अजून 'बर्गी' (म्हणजे लुटायला आलेले मराठा घोडेस्वार) म्हणून चेष्टा करतात का? आमच्या नागपूरकर भोसल्यांनी १७४० च्या दशकात तिथे जे काही केलं त्यावरून ते पोरांना झोपवायचं गाणं म्हणतात, 'खोका घुमालो, पाडा जुडालो, बर्गी एलो देशे'. बाळ झोपलं, आळी शांत झाली, बर्गी देशात आले.

सॉल्टलेकची_सून

करतात ना! माझ्या सासूबाईंनी लग्नात करवल्यांसमोर हेच गाणं म्हटलं होतं. आमच्याकडच्या निम्म्या वऱ्हाडाला कळलंच नाही, उरलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

याचा शहराशी संबंध आहे बरं. बर्ग्यांच्या भीतीने १७४२ मध्ये कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला, 'मराठा डिच'. मराठे काही शहरापर्यंत पोचले नाहीत, खंदकही पुरता झाला नाही आणि शेवटी १७९९ मध्ये तो बुजवून सर्क्युलर रोड केला. पश्चिमेकडे खंदक नकोच होता, तिकडे हुगळी होती. एवढी रुंद नदी म्हणजे तटबंदीच. त्याच नदीवर नंतर पूल बांधून, मुंबई-नागपूरकडून येणाऱ्या गाड्यांमधल्या माणसांची आत यायची सोय झाली.

वऱ्हाडी_ठेचा

म्हणजे शेवटी आम्ही आलोच, तिकीट काढून. 😄

पर्वतीचा_पक्षी

काही जण विनातिकीटसुद्धा.

टांगलेला_प्रश्न

धाग्यात पान-पिंक कुठेच आली नाही याचं आश्चर्य वाटतं. पुलाच्या लोंबकळत्या खांबांच्या बुडाशी लोक पान खाऊन थुंकायचे. २०११ च्या तपासणीत असं दिसलं की तिथल्या पत्र्याच्या आवरणांची जाडी ६ मिलिमीटरवरून काही ठिकाणी निम्म्यावर आली होती. चुना, कात, सुपारी आणि थुंकी मिळून लोखंड खातात. मग बंदरवाल्यांनी बुडांना फायबरची आवरणं घातली. शटरउघड, चौथा फोटो हवाय ना? हा काढा. सुंदर पूल सगळेच काढतात.

लेन्सकर

तोही चारशे जणांनी काढलाय. 'भारतीय आणि थुंकणं' हा विषय परदेशी मासिकांचा फार आवडता. मला त्यात काडीचा रस नाही.

गंजलेला_अभियंता

विषय आवडता असो वा नसो, गंज खरा आहे. पान थुंकणाऱ्यांबरोबर पक्ष्यांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करा, त्यांच्या विष्ठेनेही या पुलाचं बरंच नुकसान केलेलं आहे. सांध्यासांध्यांत ती साचते, ओल धरते, खालून लोखंड पोखरलं जातं. ती खरवडून साफ करणं हे देखभालीतलं नेमाचं काम आहे. फोटोसाठी सुचवतो: रंगकाम किंवा सफाई चालू असताना वर चढलेला माणूस दिसला तर सोडू नका. त्या सांगाड्याचं आकारमान शेजारी माणूस असल्याशिवाय कळत नाही. मनोऱ्यांची उंची २८० फुटांच्या आसपास आहे.

रच्याकने (बाय द वे), पाया खोदतानाचा एक किस्सा बांधकामाच्या हकिकतींत सांगतात. विहिरीसारखे अवाढव्य पोकळ ठोकळे नदीकाठच्या मातीत उतरवत होते. एका रात्री खालची माती अचानक सुटली आणि ठोकळा एकदम दोन फूट खाली गेला. त्या हादऱ्याची नोंद खिदिरपूरच्या भूकंपमापकावर झाली आणि काठावरचं एक देऊळ पडलं. ते नंतर पुन्हा बांधून दिलं. त्याच चिखलातून नांगर, तोफा, तोफगोळे, पितळी भांडी आणि कंपनीच्या काळातली नाणी निघाली.

दादरकर

काका, असं काही असलं की चार फूट माफ.

मृण्मयी_क

उद्घाटनाचंही सांगा कोणीतरी. एवढा मोठा पूल आणि समारंभ काहीच नाही म्हणे?

गंजलेला_अभियंता

नाहीच. डिसेंबर १९४२ मध्ये जपानी विमानांनी कलकत्त्यावर बाँब टाकले होते. नवा पूल म्हणजे आयतं लक्ष्य. त्यामुळे फेब्रुवारी १९४३ मध्ये गाजावाजा न करता तो खुला केला. पहिलं वाहन म्हणून रात्री एक ट्राम गेली. त्याच ट्राम १९९३ मध्ये पुलावरून बंद झाल्या, कारण त्यांचा भार पुलाला झेपेनासा झाला. गंमत म्हणजे ज्या पुलाचं उद्घाटन लपूनछपून झालं त्याच्यावर फोटो काढायला अजून बंदी आहे. आता आकाशातून उपग्रह रोज काढतात, पण फलक आहे तिथेच आहे.

सॉल्टलेकची_सून

आणि १९६५ मध्ये त्याचं नाव रवींद्र सेतू झालं. रवींद्रनाथ गेले ऑगस्ट १९४१ मध्ये, पूल खुला व्हायच्या दीड वर्ष आधी. त्यांचे अंत्यसंस्कार झाले तो निमतला घाट पुलाच्या उत्तरेला आहे. ज्या पुलाला नाव दिलं तो त्यांना कधी ओलांडता आला नाही. बोलण्यात मात्र कोणी रवींद्र सेतू म्हणत नाही. बसचा कंडक्टरसुद्धा नुसतं 'हावडा, हावडा, हावडा' ओरडतो.

शटरउघड

दोन दिवस कामात होतो, आलो तर इथे महाभारत. सगळ्यांचे आभार. मृण्मयी, तुमचा मुद्दा पटला. घाटाच्या पायऱ्या वगळल्या. 'पूल कोपऱ्यात' या मतावर मात्र अजून ठाम आहे.

आता थोडे रुक्ष प्रश्न. नेमकं किती वाजता जाऊ? लाँच कोणती घेऊ? १६-३५ आणि ७०-२०० दोन्ही लेन्स नेऊ की एकच? आणि धुकं?

लेन्सकर

दोन्ही न्या, पण ७०-२०० जास्त वापराल असं मला वाटतं. रुंद लेन्सने आख्खा पूल मावतो, पण मधला भाग काडीसारखा बारीक दिसतो. लांब लेन्सने दुरून काढलात तर लोखंडाच्या जाळ्या एकावर एक दाटतात आणि खालून चालणारी गर्दी त्यात अडकल्यासारखी दिसते. हा तुमचा चौथा फोटो असू शकेल. उभं राहायचं ते पुलावर नाही, काठावर.

लाँचमध्ये लांब एक्सपोजरचा हट्ट धरू नका. लाँच हलते, धक्काही तरंगता असल्याने हलतो. रात्रीच्या रोषणाईसाठी घाटाचा दगडी कठडा बघा आणि कॅमेरा त्यावरच टेकवा. २०२० पासूनचे ते रंगीत दिवे मला स्वतःला आवडत नाहीत, लग्नाच्या मांडवात उभा केल्यासारखा वाटतो पूल. दिवे लागायच्या आधीची पंधरा-वीस मिनिटं काढा, आकाश निळं असतं आणि लोखंड काळं.

सॉल्टलेकची_सून

मुंबई-पुण्याच्या घड्याळाने जाऊ नका! जानेवारीत इथे सव्वासहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि पाचला थोडी मिनिटं झाली की मावळतो. दरवर्षी कोणीतरी पाहुणा 'सहाला निघू, सनसेट बघू' म्हणतो आणि अंधारात भेळ खाऊन परत येतो. (इथे झालमुडी म्हणतात. भेळ म्हटलंत की मग वाद.)

सकाळी धुकं असतं, त्यात धूर मिसळलेला. आठपर्यंत पलीकडचा मनोरा दिसेलच असं नाही. पूल स्वच्छ हवा असेल तर खरं म्हणजे पावसाळ्यात यायला हवं. एक सर पडून गेली की हवा धुतली जाते आणि ढग जे काही असतात ते असतात. पण जानेवारीतही थंडीचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने पुलाची दक्षिण बाजू दिवसभर उजेडात राहते, म्हणून मल्लिक घाट आणि हावडा स्टेशनसमोरचा लाँचचा धक्का दोन्ही चालतात.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून या, हे कोणी सांगत नाही. समुद्र इथून लांब आहे, तरी हुगळीला भरती येते. ओहोटीला घाटाच्या खालच्या पायऱ्या चिखलाने माखलेल्या असतात, प्लास्टिक, हारांचे सांगाडे, विसर्जनाच्या मूर्तींचे बांबू, सगळं उघडं पडतं. भरतीला तेच दृश्य एकदम श्रीमंत दिसतं.

लाँच: हावड्याहून बाबूघाटची घेतलीत तर पुलापासून लांब जाल, मागे वळून आख्खा पूल मिळेल. बागबाजारकडची घेतलीत तर थेट पुलाच्या पोटाखालून जाल. दोन्ही घ्या, तिकीट चहाच्या कपाएवढं आहे. पोटाखालून जाताना कॅमेरा सरळ वर धरा. वर गाड्यांचा घरघराट चालू असतो आणि खाली लाँचमध्ये कोणीही मान वर करत नाही. सगळे मोबाइलमध्ये.

अजून एक. तुमचा शनिवार संक्रांतीच्या जवळ येत असेल तर गंगासागरला जाणाऱ्या यात्रेकरूंचा तळ बाबूघाटाला पडलेला असतो. राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहार, साधू, संसार, चुली. त्यातले कित्येक हावड्याला उतरून डोक्यावर गाठोडी घेऊन पूल चालत येतात. तुमच्या 'माणसं पुढे, पूल मागे' ला याहून चांगला दिवस नाही.

टांगलेला_प्रश्न

पिवळ्या टॅक्सीचंही लवकर उरकून घ्या. हिंदमोटरचा अ‍ॅम्बॅसडर कारखाना २०१४ मध्ये बंद पडला आणि शहरात पंधरा वर्षांवरच्या व्यावसायिक गाड्या चालवता येत नाहीत. दरवर्षी आणखी काही भंगारात जातात. हजार जणांनी काढलेला तो फोटो थोड्या वर्षांत कोणालाच काढता येणार नाही.

लेन्सकर

म्हणजे शटरउघड यांनी नाकारलेला दोन नंबरचा फोटोच सगळ्यात तातडीचा ठरला. 😀

शटरउघड

मान्य. टॅक्सी यादीत परत. ट्रायपॉड घरी. भरतीचं वेळापत्रक काढून ठेवलं आहे, शनिवारी सकाळी भरती साडेसातच्या आसपास दिसते आहे. आधी फुलबाजार, मग आखाडा, मग बागबाजारची लाँच.

सॉल्टलेकची_सून

उत्तम. पाच वाजता फुलबाजाराच्या बाजूच्या रेल्वे रुळांपाशी या, मी देवघरासाठी फुलं घ्यायला येणारच आहे. नवराही असेल. त्याला पुलाबद्दल काही विचारू नका, मात्र मोहन बागान फुटबॉल क्लबबद्दल विचारलंत तर लाँच चुकेल.

वऱ्हाडी_ठेचा

फोटो इथंच टाकजो. अन् येताना विमानाने येऊ नको, गीतांजलीने ये. नागपूरला डब्यात ठेचा पोचवतो.

शटरउघड

तिकीट बदलतोय.